चार बांगड्यांची गाडी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या आमच्या करमाड-शेंद्रा भागात ऑडी मोटारीला तिच्या नावाने हाक मारणारी माणसे थोडी आहेत. बाकी सर्वांसाठी ती 'चार बांगड्यांची गाडी' आहे. जालना रोडला लागून असलेल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि २००७ पासून त्याच कारखान्यात ऑडीच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. पहिली गाडी ए६ होती, तिच्या मागोमाग २००८ मध्ये ए४ आली. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून यायचे आणि ज्या रानात काही वर्षांपूर्वीपर्यंत बाजरी आणि कपाशी उभी असायची, तिथे त्या पेट्या उघडून मोटार उभी केली जायची.

मी शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्प निदेशक आहे. आमच्या हाताखालून गेलेली मुले शेंद्रा, चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून जातात. काही वर्षांपूर्वी फुलंब्री तालुक्यातल्या एका मुलाने मला विचारले, "सर, बांगड्या चारच का? पाच का नाहीत?" चार कंपन्या एकत्र आल्या म्हणून चार, असे मी सांगितले आणि फळ्याकडे वळलो. उत्तर बरोबर होते. पण त्या चार कंपन्या कोणत्या, त्या का एकत्र आल्या आणि पाचवी खरोखरच होती का, यातले काहीच मला त्या दिवशी सांगता आले नसते. पुढची दोन-तीन वर्षे मी मिळेल ते वाचत गेलो. ऑक्टोबर २०१० मध्ये ज्या शहरातल्या व्यावसायिकांनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या, त्या शहरात महागड्या गाडीची किंमत सगळ्यांना तोंडपाठ असते. तिच्यामागची माणसे मात्र कोणाला ठाऊक नसतात, आणि त्यांच्याविषयी लिहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

या कंपनीच्या इतिहासात मी ज्या माणसापाशी पहिल्यांदा थबकलो, तो लोहाराचा मुलगा होता. आउगुस्ट होर्ख यांचा जन्म १८६८ मध्ये जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या विनिंगेन या गावी झाला. घरी भट्टी होती आणि ते बापाच्या हाताखाली लोहारकी शिकले. पुढे मिटवायडा येथे त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८९६ मध्ये ते मानहाइमला कार्ल बेंझ यांच्याकडे नोकरीला लागले. तिथे मोटारनिर्मितीचा विभाग त्यांच्याकडे होता. तीन वर्षांनी ती नोकरी सोडून नोव्हेंबर १८९९ मध्ये त्यांनी कोलोन शहरात स्वतःच्या नावाची कंपनी काढली, १९०२ मध्ये ती राइशेनबाखला आणि १९०४ मध्ये सॅक्सनी प्रांतातल्या त्स्विकाऊ या गावी नेली.

आमचे वडीलही लोहारच होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. बदनापूर तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांचा भाता आणि ऐरण होती. विळे, खुरपी आणि वखराच्या पासा हे त्यांचे काम. गावात विहिरींवर ऑइल इंजिने आली तशी भट्टी हळूहळू मागे पडली आणि अण्णा इंजिन दुरुस्तीकडे वळले. त्यांना कोणी शिकवले नव्हते. बिघडलेल्या इंजिनापाशी गेले की ते लाकडी मुठीचा लांब पेचकस घ्यायचे, त्याचे लोखंडी टोक टॅपेट कव्हरवर ठेवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचे. शेतकरी शेजारी उभा राहून घाई करायचा, पाण्याची पाळी निघून चाललेली असायची, पण अण्णा तीन-चार ठिकाणी टोक टेकवून झाल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. मी घाईने नट सोडवू लागलो की ते म्हणायचे, "अगुदर ऐक, मंग पाना लाव."

होर्ख या जर्मन आडनावाचा अर्थ 'कान देऊन ऐक' असा आहे, हे मला कळले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

होर्ख यांच्या मोटारी चांगल्या होत्या. मागच्या चाकांना साखळीने गती देण्याची पद्धत सर्रास असताना त्यांनी कार्डन शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, वापरला, आणि गिअरसाठी कोणते पोलाद घ्यायचे याविषयी ते अतिशय चोखंदळ होते. लोहाराच्या घरात वाढलेल्या माणसाला पोलादाची पारख असावी यात नवल नाही. पण कंपनीत पैसा दुसऱ्यांचा होता आणि संचालकांशी त्यांचे पटेना. १९०९ मध्ये त्यांना स्वतःच्याच नावाची कंपनी सोडावी लागली. त्यांनी त्याच त्स्विकाऊत काही आठवड्यांत दुसरी कंपनी काढली आणि तिलाही आपलेच नाव दिले. जुन्या कंपनीने दावा लावला. निकाल होर्ख यांच्या विरोधात गेला, कारण नाव जरी त्यांचे असले तरी नोंदणीकृत व्यापारचिन्ह म्हणून ते आता जुन्या कंपनीच्या मालकीचे होते.

नवे नाव शोधण्यासाठी त्स्विकाऊतल्या फ्रांत्स फिकेंचर यांच्या घरी बैठक बसली. त्यांचा शाळकरी मुलगा हाइनरिख खोलीच्या कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करत बसला होता. मोठी माणसे वाद घालत असताना त्यानेच सुचवले की होर्ख या शब्दाचे लॅटिन भाषांतर करून टाकावे. लॅटिनमध्ये 'ऐक' या आज्ञार्थाला 'ऑडी' म्हणतात. एप्रिल १९१० मध्ये कंपनीची त्या नावाने नोंदणी झाली आणि कोर्टाने हिरावलेले नाव दुसऱ्या भाषेच्या वाटेने मालकाकडे परत आले. मला या प्रसंगात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे की त्या खोलीतल्या वडीलधाऱ्यांनी पोराला गप्प बसवले नाही.

होर्ख आपली गाडी स्वतः चालवून पाहणारे मालक होते. १९११ मध्ये ऑस्ट्रियाच्या आल्प्स पर्वतात झालेल्या अवघड स्पर्धेत ते स्वतः ऑडी घेऊन उतरले आणि त्यांच्या खात्यावर एकही दंडगुण लागला नाही. १९१२ ते १९१४ अशी पुढची तीन वर्षे ऑडीच्या चमूने ती स्पर्धा गाजवली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, ते बर्लिनला वाहतूक मंत्रालयात गेले आणि ऑडीच्या रोजच्या कारभारातून बाहेर पडले. १९२१ मध्ये कंपनीने डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली जर्मनीतली पहिली मोटार बाजारात आणली; जर्मनीत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालते, त्यामुळे समोरून येणारी गाडी चालकाला नीट दिसू लागली. पण युद्धात हरलेल्या देशात भारी गाड्या घेणार कोण? कंपनी कर्जात बुडत गेली आणि १९२८ मध्ये डेन्मार्कहून जर्मनीत येऊन स्थायिक झालेल्या यॉर्गन स्काफ्टे रासमुसेन यांनी ती ताब्यात घेतली.

होर्ख आणि ऑडी या दोन बांगड्या झाल्या; रासमुसेन यांच्याबरोबर तिसरी बांगडी येते, आणि माझ्या मते हीच बांगडी सर्वांत महत्त्वाची आहे. त्यांचा कारखाना त्शोपाऊ या छोट्या गावात होता. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई असताना १९१६ मध्ये त्यांनी वाफेवर चालणारी मोटार बनवण्याचा प्रयत्न केला. वाफेची मोटार या अर्थाच्या जर्मन शब्दाची आद्याक्षरे म्हणजे डीकेडब्ल्यू. ती मोटार काही चालली नाही, पण अक्षरे राहिली. युद्ध संपल्यावर त्यांनी खेळण्यात बसेल असे एक चिमुकले टू-स्ट्रोक इंजिन काढले, तेव्हा त्याच अक्षरांचा अर्थ 'मुलाची इच्छा' असा लावण्यात आला. ते इंजिन वाढवून मोटारसायकलला बसवले, तेव्हा अर्थ 'छोटा चमत्कार' असा झाला. १९२० चे दशक संपेपर्यंत डीकेडब्ल्यू ही जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी होती.

१९३० च्या अखेरीस रासमुसेन त्स्विकाऊच्या ऑडी कारखान्यात आले आणि त्यांनी तिथल्या अभियंत्यांना एक काम दिले. मोटारसायकलचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, लाकडी बॉडीवर कातड्यासारखे दिसणारे कापड आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, अशी एक लहान मोटार त्यांना सहा आठवड्यांत हवी होती. फेब्रुवारी १९३१ च्या बर्लिन प्रदर्शनात ती मोटार उभी राहिली. तिचे नाव एफ१. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देण्याची कल्पना त्यापूर्वीही काहींनी वापरली होती, परंतु सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या गाडीत ती घाऊक प्रमाणावर आणण्याचे मोठे श्रेय या गाडीकडे जाते.

वर्गात फ्रंट व्हील ड्राइव्ह शिकवताना मी बैलगाडीचे उदाहरण देतो. बैल गाडीच्या पुढे असतात, मागे नसतात. पावसानंतरच्या काळ्या रानातून गाडी काढायची असेल तर पुढून ओढावी लागते, कारण ओढणारा ज्या दिशेला वळेल त्या दिशेला गाडी त्याच्यामागे येते. मागून ढकललेली गाडी चिखलात आडवी होते. मोटारीत आणखी एक सोय होते. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढच्या चाकांवरच बसल्याने त्यांचे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडते आणि गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब शाफ्ट लागत नाही, त्यामुळे आतली जागा वाढते. एवढे सांगितले की करमाडच्या मुलांना वेगळे चित्र काढून दाखवावे लागत नाही.

दरम्यान १९२९ ची जागतिक मंदी आली होती आणि सॅक्सनीतल्या मोटार कंपन्या एकामागून एक अडचणीत आल्या. त्यांना कर्ज देणारी सॅक्सनी राज्याची बँक होती आणि आपले पैसे बुडू नयेत म्हणून बँकेनेच पुढाकार घेतला. २९ जून १९३२ रोजी होर्ख, ऑडी आणि डीकेडब्ल्यू एकत्र आल्या. केमनित्झच्या वांडरर कंपनीचा मोटार विभागही त्यात घेतला गेला. वांडररची सुरुवात १८८५ मध्ये सायकलींपासून झाली होती. या एकत्रित कंपनीचे नाव ऑटो युनियन आणि तिचे चिन्ह एकमेकींत अडकवलेल्या चार बांगड्या. डीकेडब्ल्यूने स्वस्त गाड्या करायच्या, वांडररने मध्यम, ऑडीने त्याहून वरच्या आणि होर्खने श्रीमंतांच्या, अशी वाटणी झाली. म्हणजे ज्या होर्ख कंपनीने आपल्या संस्थापकावर दावा लावला होता, ती आणि त्या दाव्यातून जन्मलेली ऑडी तेवीस वर्षांनी एका छपराखाली नांदू लागल्या. भाऊबंदकीत तुटलेली वाटणी सावकाराच्या तगाद्यामुळे पुन्हा एक होते, तसाच हा प्रकार होता.

ऑटो युनियनच्या १९३० च्या दशकातल्या शर्यतींच्या गाड्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेले सोळा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, आणि ती गाडी हाकणारा बर्न्ड रोझमायर २८ जानेवारी १९३८ रोजी वेगाचा विक्रम करू पाहताना महामार्गावर मरण पावला. त्या शर्यतींना हिटलरच्या सरकारचा पैसा होता. मला त्यांच्यापेक्षा त्याच काळात कारखान्याच्या आत जे घडत गेले ते सांगणे अधिक आवश्यक वाटते.

दुसऱ्या महायुद्धात ऑटो युनियन लष्करी उत्पादनात उतरली आणि तिने सक्तीच्या मजुरांना कामाला जुंपले. कंपनीनेच नेमलेल्या इतिहासकारांचे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेने या कंपनीसाठी सात श्रमछावण्या चालवल्या आणि त्यांत ३,७०० हून अधिक कैदी राबत होते. त्याखेरीज सुमारे १६,५०० सक्तीचे मजूर त्स्विकाऊ आणि केमनित्झच्या कारखान्यांत होते. लाइटमेरित्झ येथील भूमिगत कारखान्याच्या छावणीत मरण पावलेल्या सुमारे ४,५०० माणसांची नैतिक जबाबदारी ऑटो युनियनकडे जाते, असे त्या संशोधनाने नोंदवले. १९३२ पासून कंपनी चालवणारे रिचर्ड ब्रून युद्धानंतर पुन्हा तिच्या प्रमुखपदी बसले होते आणि त्यांच्या नावाने कंपनीची निवृत्तिवेतन योजनाही होती. त्या योजनेवरून ते नाव या संशोधनानंतर काढण्यात आले. वर्गात मी हा भाग वगळत नाही. मुले चकचकीत चार बांगड्यांकडे पाहतात, तेव्हा त्या बांगड्या कोणाच्या मनगटातल्या बेड्याही झाल्या होत्या, हे त्यांना माहीत असले पाहिजे.

१९४५ मध्ये सॅक्सनी सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेले. कारखान्यांतली यंत्रे उखडून रशियाला नेली गेली आणि १९४८ मध्ये ऑटो युनियनचे नाव केमनित्झच्या व्यापारी नोंदवहीतून खोडले गेले. कायद्याच्या भाषेत कंपनी संपली. तरीही ती उरली, आणि ती ज्या कारणाने उरली ते मला या संपूर्ण इतिहासातले सर्वांत विलक्षण कारण वाटते. युद्धात जर्मन लष्कराने लोकांच्या मोटारी सक्तीने नेल्या होत्या, पण डीकेडब्ल्यूच्या लाकडी बॉडीच्या टू-स्ट्रोक गाड्या लष्कराच्या कामाच्या नव्हत्या म्हणून त्यांना हात लावला नाही. युद्ध संपले तेव्हा रस्त्यावर चालण्याजोग्या ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांत याच पुष्कळ होत्या, आणि त्यांना सुटे भाग हवे होते. डॉक्टरला रुग्णाकडे जायला हीच गाडी होती, दुधाचे कॅन न्यायलाही हीच होती.

सॅक्सनीतून पळून पश्चिमेकडे आलेल्या कंपनीच्या काही जुन्या अधिकाऱ्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये बव्हेरियात, डॅन्यूब नदीकाठच्या इंगोलस्टाट या जुन्या लष्करी गावात, सुट्या भागांचे एक कोठार उघडले. ऑटो युनियनचा पुनर्जन्म स्पेअर पार्टच्या दुकानातून झाला. आपल्याकडे जालन्याच्या किंवा जाफराबादच्या एखाद्या गल्लीत जुन्या ट्रॅक्टरचे सामान विकणारा दुकानदार असतो, ज्याच्याकडे बंद पडलेल्या कंपनीची पिस्टन रिंगही मिळते. त्याच्या दुकानातून उद्या मोटारीचा कारखाना उभा राहावा, तसे ते झाले. ३ सप्टेंबर १९४९ रोजी तिथे नवी ऑटो युनियन कंपनी स्थापन झाली. बव्हेरिया सरकारचे कर्ज आणि अमेरिकेच्या मार्शल मदत योजनेचा पैसा मिळाला, आणि पहिले उत्पादन होते एक मालवाहू व्हॅन आणि १२५ सीसीची मोटारसायकल. या मोटारसायकलचा मूळ नमुना युद्धापूर्वीचा होता आणि युद्धानंतर कितीतरी देशांनी त्याची नक्कल केली. यामाहाची १९५५ ची अगदी पहिली मोटारसायकलही त्याच नमुन्यावरून बनलेली आहे.

पुढची वर्षे धावपळीची होती. १९५८ मध्ये डेमलर-बेंझने, म्हणजे मर्सिडीजवाल्यांनी, ही कंपनी घेतली. दीडशे मर्सिडीजची आठवण सांगणाऱ्या आमच्या शहरातल्या मंडळींना मी हे आवर्जून सांगतो. मर्सिडीजने फोर-स्ट्रोक इंजिनाचा नवा आराखडा आणि लुडविग क्राउस नावाचा अभियंता इंगोलस्टाटला पाठवला, आणि मग १९६४ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने कंपनी फोक्सवागनला विकून टाकली. टू-स्ट्रोकच्या धुराला लोक आता कंटाळले होते. १९६५ मध्ये ते फोर-स्ट्रोक इंजिन बसवलेली गाडी तयार झाली, तेव्हा डीकेडब्ल्यू म्हटले की धूर आठवेल म्हणून पंचवीस वर्षे बाजूला पडलेले ऑडी हे नाव पुन्हा बाहेर काढण्यात आले.

फोक्सवागनला खरे तर कारखाना हवा होता, गाडी नको होती. इंगोलस्टाटमध्ये फोक्सवागनच्या स्वतःच्या बीटल गाड्या तयार होऊ लागल्या आणि १९६९ पर्यंत सुमारे साडेतीन लाख बीटल तिथून बाहेर पडल्या. फोक्सवागनचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ यांनी ऑडीला नवे मॉडेल करण्यास स्पष्ट मनाई केली होती. क्राउस यांनी ती आज्ञा मोडली. जुन्या गाडीत सुधारणा चालल्याचे दाखवत त्यांनी एक मोठी नवीन मोटार आखली आणि तयार झाल्यावरच ती नॉर्डहॉफ यांच्या पुढ्यात ठेवली. नॉर्डहॉफ यांनी गाडी पाहिली आणि मंजुरी दिली. १९६८ मध्ये आलेली ऑडी १०० ती हीच. तिच्या पहिल्या पिढीच्या आठ लाखांहून अधिक गाड्या खपल्या. ही गाडी झाली नसती तर ऑडी म्हणजे बीटल जोडण्याची एक शेड एवढेच उरले असते. क्राउस यांचे धाडस मोठे होते, पण स्वतःचीच बंदी गाडी पाहून मागे घेणाऱ्या नॉर्डहॉफ यांनाही मी तितकेच मोठे मानतो.

आता पाचवी बांगडी. फुलंब्रीच्या त्या मुलाने बरोबर विचारले होते, पाचवी होती. १९६९ मध्ये नेकारझुल्म या गावची एनएसयू कंपनी ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. गावाच्या नावातल्या अक्षरांवरूनच तिचे नाव पडले होते. १८७३ मध्ये विणकामाची यंत्रे, मग सायकली, मग मोटारसायकली असा तिचा प्रवास, आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी हा मान आता तिच्याकडे होता. १९६७ मध्ये तिने रो ८० नावाची मोटार काढली. तिच्यात पिस्टन वरखाली न होता त्रिकोणी रोटर गोल फिरणारे वांकेल इंजिन होते. गाडी दिसायला आणि चालायला काळाच्या फार पुढे होती, पण रोटरच्या टोकांवरच्या सीलपट्ट्या लवकर झिजत आणि वॉरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनीचे कंबरडे मोडले. विलीनीकरणानंतर चिन्हात पाचवी बांगडी काही जोडली गेली नाही.

१९७५ मध्ये, तेलसंकटानंतरच्या मंदीत, नेकारझुल्मचा कारखानाच बंद करण्याचा विचार फोक्सवागनमध्ये सुरू झाला. तेव्हा एप्रिल महिन्यात हजारो कामगार नेकारझुल्महून हाइलब्रॉनपर्यंत पायी मोर्चा घेऊन गेले. हजारो नोकऱ्या गेल्या, पण कारखाना वाचला. आज ऑडी ए६ या गाडीचे घर हेच नेकारझुल्म आहे, आणि शेंद्र्यात सर्वांत आधी जोडली गेलेली ऑडी म्हणजे ए६ च. ज्यांना चिन्हात जागा मिळाली नाही, त्यांच्या कारखान्याची ऑडी मराठवाड्यात सर्वांत आधी आली. माझ्या हाताखालच्या मुलांनी पहिल्यांदा ज्या ऑडीला पाना लावला, ती त्या पाचव्या बांगडीची होती.

चारही चाकांना ओढ असलेल्या क्वाट्रो या ऑडीविषयी लिहिल्याशिवाय कोणत्याही मेकॅनिकला राहवणार नाही. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू असताना योर्ग बेन्झिंगर या अभियंत्याच्या लक्षात आले की फोक्सवागनची कमी ताकदीची लष्करी इल्टिस जीप चारही चाकांना ओढ असल्यामुळे ऑडीच्या दांडग्या गाड्यांना मागे टाकते. त्याने ही गोष्ट विकास विभागाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्या कानावर घातली आणि पिएख यांनी ती मनावर घेतली. तोपर्यंत चारही चाकांना ताकद द्यायची म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारा वेगळा जड ट्रान्सफर केस आणि जादा शाफ्ट लागत असे, म्हणून ती सोय जीप आणि ट्रकपुरतीच होती. ऑडीने गिअरबॉक्समधला सुमारे २६ सेंटीमीटरचा एक शाफ्ट पोकळ केला. बाहेरच्या पोकळ शाफ्टमधून ताकद मागे मधल्या डिफरन्शियलला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या भागाला, जाते, तिथून एक वाटा मागच्या चाकांना मिळतो आणि दुसरा त्याच पोकळीतून आत बसवलेल्या शाफ्टने उलट पुढच्या चाकांकडे येतो. उसाच्या कांड्याएवढ्या जागेत दोन्ही दिशांची वाहतूक बसवली गेली.

यातला मधला डिफरन्शियल सुरुवातीला नव्हता. फोक्सवागनच्या एका संचालकाच्या पत्नी चाचणीची गाडी घेऊन व्हिएन्नात बाजाराला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या की वळवून उभी करताना गाडी उड्या मारते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडतात. ती एकमेकांना घट्ट बांधलेली असली की टायर घासत उसळतात. ही तक्रार अभियंत्यांनी कानाआड केली नाही. मार्च १९८० मध्ये जिनिव्हा येथे क्वाट्रो आली, आणि १९८१ मध्ये तीच गाडी चालवून मिशेल मूटोन या फ्रेंच चालिकेने सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. माझ्या वर्गात दर वर्षी दोन-तीन मुली असतात. त्यांच्यासाठी मी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवतो.

१९८५ मध्ये कंपनीचे लांबलचक नाव जाऊन नुसते ऑडी उरले. १९८९ चे टीडीआय डिझेल इंजिन, १९९४ ची ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची ए८ ही पुढची कामे मोठी आहेत. पण त्याच डिझेलने २०१५ मध्ये कंपनीचे नाव काळवंडले. गाडीची तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी संगणकप्रणाली फोक्सवागन समूहाच्या गाड्यांत सापडली, ऑडीला २०१८ मध्ये ८० कोटी युरोंचा दंड झाला आणि तिचे माजी प्रमुख रुपर्ट श्टाडलर यांना २०२३ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने दोषी ठरवले. ज्या इंजिनांची मी वर्षानुवर्षे मुलांपुढे स्तुती केली, त्यांच्याविषयी हे वाचताना मला मनापासून वाईट वाटले, आणि पुढच्याच सोमवारी मी ते वर्गात सांगितले.

त्स्विकाऊचे काय झाले, हे सांगायचे राहिले. जर्मनीच्या फाळणीनंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेले. तिथल्या जुन्या ऑडी आणि होर्खच्या कारखान्यांतून १९५७ पासून ट्राबांट नावाची लहान मोटार निघू लागली. दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, पुढच्या चाकांना ओढ, म्हणजे रासमुसेन यांच्या सहा आठवड्यांच्या गाडीचेच नातवंड. १९९१ पर्यंत तीस लाखांहून अधिक ट्राबांट तयार झाल्या. जर्मनी एक झाल्यावर फोक्सवागन तिथे गेली आणि २०२१ पासून त्स्विकाऊच्या कारखान्यात क्यू४ ई-ट्रॉन ही विजेवर चालणारी ऑडी तयार होत आहे. होर्ख १९५१ मध्ये बव्हेरियात वारले. त्यांच्या गावाला ऑडी हे नाव परत मिळायला त्यानंतर सत्तर वर्षे लागली.

आमच्याकडेही आता विजेवरच्या गाड्या शिकवाव्या लागतात. मागच्या महिन्यात वर्कशॉपमध्ये एक ई-रिक्षा आली होती. मोटार चालू केली तर आवाज जवळजवळ नाहीच, आणि एक मुलगा म्हणाला, "सर, आता ह्यात ऐकायचं काय?" अण्णांचा तो लाकडी मुठीचा पेचकस मी अजून कपाटात ठेवला आहे. तो काढून मी मागे उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिला. तिने टोक मोटारीच्या मागच्या झाकणावर टेकवले, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प उभे होतो. तिने टोक दोन बोटे डावीकडे सरकवले, पुन्हा ऐकले आणि म्हणाली, "सर, आतल्या बाजूचं बेअरिंग वाजतंय."